वेगळ्या थरावरची लाल रेघ

चित्रातल्या बाईचा उजवा हात गुडघ्याच्या खाली पोचला होता.

पऱ्हाटीत उभी राहून कापूस वेचणारी बाई, मागे दूरवर गेलेल्या ओळी, वर मावळतीचं केशरी आभाळ. आभाळ इतकं देखणं उतरलं होतं की नजर तिथंच थबकावी. थबकलीही होती. बारावीतल्या त्या मुलाने चित्र रात्री व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवलं आणि सकाळपर्यंत ‘एक नंबर’, ‘कडक भावा’, ‘लई भारी’ यांचा ढीग लागला. हाताबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

रविवारची सकाळ. करमाडला जालना रोडच्या कडेला, टपरीपुढच्या बाकड्यावर तो मुलगा, त्याचा शेंद्र्याच्या कंपनीत रात्रपाळी करून आलेला मित्र आणि शहरातल्या शासकीय कला महाविद्यालयात शिकणारी त्याची आतेबहीण असे तिघे बसलेले. फोन ताईच्या हातात. तिने चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. मग विचारलं, “सांगू का?”

“सांग ना.”

“रुसशील.”

“नाही रुसत.”

तिने चित्राच्या फाइलीत सगळ्यात वर एक नवा, कोरा थर उघडला. रंग लाल घेतला. बोटाने बाईच्या खांद्यावर एक टिंब दिलं, कमरेपाशी दुसरं, जांघेच्या रेषेत तिसरं, मांडीच्या मध्यावर चौथं. माणूस सरळ उभा राहिला की कोपर कमरेशी येतं, मनगट जांघेशी, बोटांची टोकं मांडीच्या मध्याशी. वाकलेल्या माणसाचा हात खाली जातो, पण त्याची लांबी बदलत नाही. तिने टिंबं जोडली तेव्हा मूळ हात त्या लाल हाताच्या खाली चांगला वीतभर लोंबत राहिलेला दिसला.

मुलगा गप्प झाला. मग ताई जे म्हणाली, त्यासाठी एवढ्या लांब यावं: “हात कामून लांबला, माहितीये? तुला बोंडापर्यंत पोचायचं होतं. तू हात ओढलास. बाई वाकवलीच नाहीस.”

तिने लाल रेघेनेच पाठीचा नवा बाक काढला. हात आखूड झाला आणि बोंडाला टेकला. एवढं झाल्यावर तिने थराशेजारच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं. लाल रेघा गेल्या. चित्र जसंच्या तसं.

“ठेव नाहीतर काढून टाक,” ती म्हणाली आणि गार झालेला चहा उचलला.

दाद देणे, दाद मागणे

 मराठीत ‘दाद’ या एका शब्दाला दोन दारं आहेत. गाण्याला, चित्राला आपण दाद देतो. आणि अन्याय झाला की दाद मागतो. स्वतः काढलेलं चित्र दुसऱ्यापुढे धरणारा माणूस या दोन्ही दारांत एकाच वेळी उभा असतो. त्याला कौतुक हवं असतं, आणि आपल्या मेहनतीचा कुणीतरी नीट न्याय करावा असंही वाटत असतं. पहिलं आज फुकट मिळतं. दुसऱ्यासाठी समोरच्याला थांबावं लागतं, पाहावं लागतं, स्वतःचा वेळ घालावा लागतो.

फोनवर किंवा संगणकावर हौसेने चित्रं काढणारी मुलं आता गावोगावी आहेत. आयपॅड आणि त्यावरचं प्रोक्रिएट ही शहरातल्या मोजक्यांची चैन. करमाडच्या आसपास आयबिसपेंटसारखं ॲप आणि उजव्या हाताची तर्जनी एवढ्यावर काम चालतं. कुणाकडे रबरी टोकाचा स्वस्त पेन असतो. ज्याच्याकडे जुना लॅपटॉप आहे तो क्रिता हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकतो आणि पैसे साठले की साधी पेन टॅब्लेट घेतो. साधनांची अडचण अशी सुटते. चित्र पाहून नेमकं बोलणारा माणूस मात्र कुठल्या ॲपमध्ये मिळत नाही.

फ्लेक्सच्या दुकानातली खुर्ची

गावात ‘डिजिटल’ हा शब्द आला तो चित्रकलेच्या आधी, फ्लेक्सच्या पाठीवर बसून. ‘चौकात डिजिटल लावलं’ म्हणजे बॅनर लावला. वाढदिवस, जयंती, दशक्रिया विधी, निवडणूक या सगळ्यांचे बॅनर कोरलड्रॉ आणि फोटोशॉपवर जिथे घडतात, त्या रस्त्याकाठच्या दुकानांत गावाकडच्या पहिल्या पिढीने माऊस धरून चित्र करायला शिकून घेतलं. त्याला कुणी कला म्हटलं नाही. पण चूक काढण्याची एक पक्की रीत त्या दुकानात होती आणि अजूनही आहे.

तिथे ऑपरेटरच्या खुर्चीमागे गिऱ्हाईक उभं राहतं. ‘साहेबांचा फोटो वर घ्या.’ ‘आमच्या अण्णांचं तोंड काळं दिसतंय, उजळा.’ ‘सौजन्याची नावं बारीक झाली.’ मग प्रूफ व्हॉट्सॲपवर जातं, दहा जण पाहतात, आडनावातली वेलांटी सुधारली जाते. बॅनर स्क्वेअर फुटावर छापला जातो, आणि नाव चुकलं तर तो परत छापायचा खर्च कुणाच्या तरी अंगावर पडतो. म्हणून तिथे कुणी भिडेखातर ‘एक नंबर’ म्हणत नाही. बोलणाऱ्याचं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

हौशी चित्राला गिऱ्हाईक नाही, मुदत नाही. ते बिघडलं म्हणून कुणाचे पैसे बुडत नाहीत. त्यामुळे पाहणाऱ्याला खरं बोलायचं कारणच उरत नाही. उलट खरं बोलून मैत्रीत वाकडं कशाला आणा, असा साधा हिशेब असतो. त्यात गाव लहान. ज्याच्या चित्राला नावं ठेवली, तोच उद्या बसमध्ये शेजारी बसणार.

रात्रपाळीहून आलेला मित्र मध्येच एक गोष्ट सांगतो. तो सुटे भाग तपासायच्या कामावर असतो. माप चुकलेला नग लाल पेटीत जातो, पण नुसता टाकून चालत नाही; का टाकला ते लिहावं लागतं. व्यास जास्त, कड खरबरीत, भोक सरकलेलं. “कारण नाही लिहिलं तर पुढचाही नग तसाच येतो,” तो म्हणतो. चित्रकलेचा त्याचा काही अभ्यास नाही. पण चांगल्या टीकेचं याहून नेटकं वर्णन कला महाविद्यालयातही सापडायला अवघड जाईल.

सरांचा हात

महाराष्ट्रात चित्रावरची पहिली टीका बहुतेकांना शाळेत ऐकायला मिळते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: ‘अ’ला 7, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. या गुणांमुळे हजारो मुलांच्या हाती ब्रश आला, हे त्या परीक्षेचं मोठं देणं आहे. मात्र निकालात फक्त अक्षर येतं. स्मरणचित्रातली माणसं एकाच उंचीची झाली म्हणून ‘ब’ मिळाला की झाडाखालची सावली उलट्या बाजूला पडली म्हणून, हे मुलाला कळायला वाट नसते.

वर्गात वेगळी तऱ्हा. ड्रॉइंगचे सर बाकामागून येतात, पेन्सिल घेतात आणि मुलाच्या चित्रावर हात फिरवतात. चार रेघांत घडा उभा राहतो. ‘सरांनी हात फिरवला’ हे वाक्य अनेक चित्रकार डोळ्यांत पाणी आणून सांगतात, कारण जाणत्या हाताची रेघ कागदावर उमटताना पाहणं याच्याइतकं दुसरं शिक्षण नाही. पण त्यात एक दुखरी जागाही आहे. घरी गेल्यावर आई विचारते, हे तू काढलंस? आणि मुलाला नीट ‘हो’ म्हणता येत नाही. सरांची रेघ आणि त्याची रेघ एकाच कागदात मिसळून गेलेली असते.

डिजिटल थराने नेमकी ही गाठ सोडवली. पारदर्शक कागद चित्रावर ठेवून सुधारणा दाखवण्याची रीत जुनीच. आता ती प्रत्येक फोनमध्ये आहे. दुरुस्ती वर, चित्र खाली, आणि दोन्हींमध्ये उघडझाप करणारा डोळा. जगभरच्या हौशी चित्रकारांत ही लाल रेघ रूढ झाली ती यामुळे. सांगणाऱ्याला भाषेचं कौशल्य लागत नाही, ‘प्रपोर्शन चुकलं’ असल्या मोघम शब्दांआड लपता येत नाही. आणि ऐकणाऱ्याचं चित्र त्याचंच राहतं.

कारणाशिवाय दिलेल्या निकालाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मुंबईचं आहे. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी तरुणपणी सर ज. जी. कला शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. विद्यार्थी म्हणून घेण्याजोगी प्रतिभा या रेखाटनांत दिसत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. पुढे 1951पासून त्यांचा ‘कॉमन मॅन’ घराघरांत पोचला. ही गोष्ट सहसा ‘बघा, मोठ्या संस्थाही चुकतात’ या चालीवर सांगितली जाते. तिच्यातली खरी अडचण मात्र त्या उत्तराच्या घडणीत आहे. त्यात रेखाटनांत नेमकं काय चुकलं याबद्दल काही नव्हतं, होतं ते माणसाबद्दल. हात लांबला हे सांगितलं तर हात आखूड करता येतो. ‘तुझ्यात नाही’ म्हटल्यावर माणसाने काय पुसायचं?

लक्ष्मण थांबले नाहीत. एखाद्या खेड्यात असंच ऐकून थांबलेली मुलं कुठल्या पुस्तकात येत नाहीत.

रेषा आधी, रंग नंतर

करमाडहून उत्तरेला, शंभरेक किलोमीटरच्या आत अजिंठा आहे. त्या परंपरेच्या जवळचा जुना ग्रंथ म्हणजे विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातलं चित्रसूत्र. चित्र कोण कसं पाहतं याची त्यात एक वाटणी आहे. आचार्य रेषेची तारीफ करतात, जाणकार वर्तनेची म्हणजे छायेने आणलेल्या गोलाईची, स्त्रियांना दागिने आवडतात आणि बाकीच्यांना रंगांची श्रीमंती. स्त्रियांविषयीची वाटणी आजच्या वाचकाला पटणार नाही, पटूही नये; बाकड्यावर बसून रेषा तपासणारी ती ताईच होती. पण उरलेलं निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडतं. स्टेटसवरचे सगळे ‘लई भारी’ केशरी आभाळासाठी होते.

डिजिटल साधनं रंगाची श्रीमंती फार लवकर हाती देतात. आभाळाचा ब्रश तयार मिळतो, चकाकी एका बोटावर येते. म्हणून इथली जाणती मुलं टीका करताना पहिल्यांदा रंग काढूनच टाकतात. चित्र काळंपांढरं केलं की केशरी आभाळ आणि बाईचं लुगडं दोन्ही एकाच करड्या रंगाचे निघतात आणि बाई आभाळात विरघळते. मग कळतं, वर्तनाच नाही.

दुसरी तपासणी आरशाची. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत चित्रकाराला आरसा जवळ ठेवायला सांगितलं, कारण उलटं दिसलेलं आपलंच चित्र परक्याचं वाटतं आणि चुका डोळ्यांत भरतात. क्रितामध्ये ‘एम’ची कळ दाबली की अख्खं चित्र उलटं दिसतं. तासन्‌तास घोटलेला चेहरा उलटा केल्याबरोबर एक डोळा खाली घसरलेला दिसतो, आणि काढणाऱ्याच्या तोंडून ‘अरे देवा’ निघतं. ही टीका कुणी केलेली नसते, त्यामुळे ती बोचत नाही. ताईचा नियमच आहे: आधी उलटं करून ये, काळंपांढरं करून ये, मग माझ्याकडे ये. जे तुला दिसू शकतं ते मी सांगणार नाही.

बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली घडलेले चित्रकार रवी परांजपे यांनी आपल्या आत्मचरित्राचं नाव ‘ब्रश मायलेज’ ठेवलं. हात चालवून चालवून जे अंतर कापलं जातं ते. हौशी चित्रकाराला सर्वांत जास्त मिळणारा सल्लाही हाच, ‘सराव कर’. सल्ला खरा आहे, पण एकटा अपुरा. लांबलेला हात शंभरदा काढला तर लांब हात काढायचीच सवय लागते. कुठे वळायचं हे सांगणारं कुणी वाटेत भेटावं लागतं.

महाराजांच्या चित्रापाशी

मराठी हौशी चित्रकार फोनवर काय काढतो? विठ्ठल, गणपती, खंडोबा, आवडता नट, आणि सर्वांत जास्त छत्रपती शिवाजी महाराज. विजेचा लोळ, धगधगते डोळे, मागे गड. टीका करायला सर्वांत अवघड चित्र तेच. घोड्याचा मागचा पाय मोडल्यासारखा दिसतोय असं म्हणायला जावं, तर ऐकणाऱ्याला ते महाराजांविषयी बोलल्यासारखं वाटण्याची भीती. मग लोक हात जोडल्याची खूण पाठवतात आणि पुढे जातात. घोडा तसाच राहतो.

अशा मुलांना इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांची हकीकत सांगावी. इटालियन प्रवासी मनुचीच्या संग्रहातलं एक चित्र एके काळी शिवाजी महाराजांचं म्हणून सगळीकडे चालत होतं. ते इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचं असल्याचं बेंद्रे यांनी दाखवलं आणि 1933 साली महाराजांचं समकालीन डच चित्र लोकांपुढे आणलं. लोकांच्या श्रद्धेचा विषय झालेल्या चित्राकडे बोट दाखवून ‘हे चूक आहे’ म्हणणं सोपं नव्हतं. पण बेंद्रे यांचं ते बोलणं भक्तीतूनच आलं होतं, आणि चूक दाखवताना त्यांनी बरोबर चित्र समोर ठेवलं. पुढे कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी रंगवलेलं महाराजांचं चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलं.

ताई याच वाटेने जाते. घोड्याच्या पायाला ती नुसतं ‘चुकला’ म्हणत नाही, घोड्याचा फोटो शेजारी ठेवते. घोड्याचा मागचा पाय जिथे उलटा वाकतो तो त्याचा गुडघा नव्हे, टाच आहे. हे एकदा कळलं की पुढचे सगळे घोडे नीट पळतात.

‘ट्रेस केलंस का?’

आता घेणाऱ्याची बाजू. सगळी टीका लाल रेघेसारखी स्वच्छ येत नाही. ‘ट्रेस केलंस का?’ हा प्रश्न चित्र बरं जमलं की हमखास येतो. अलीकडे त्याच्या जोडीला ‘एआय आहे ना?’ आला आहे. आठ दिवस राबलेल्या पोरासाठी यासारखा घाव नाही, कारण यात चूकही दाखवलेली नसते. मेहनतच नाकारलेली असते. आयबिसपेंट चित्र घडतानाची चित्रफीत आपोआप करून ठेवतं. पूर्वी मुलं ती हौसेने दाखवत, आता साक्षीपुराव्यासारखी सांभाळून ठेवतात.

नक्कल करून शिकण्याबद्दल उगीच लाजणाऱ्यांनी पुन्हा अजिंठ्याकडे पाहावं. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872पासून पुढची बरीच वर्षं ज. जी.च्या विद्यार्थ्यांना लेण्यांत नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी पुष्कळ 1885च्या आगीत जळाल्या. पण ज्या हातांनी त्या रेषा गिरवल्या, त्या हातांचं शिक्षण काही जळालं नाही. नक्कल आहे असं सांगून केलेली नक्कल हा अभ्यास. लपवली की ती चोरी. टीका करणाऱ्याने आधी एवढं तरी विचारावं.

मुलींच्या वाट्याला आणखी एक त्रास येतो. चित्राखाली चित्राबद्दल न बोलता चित्र काढणारीबद्दल बोललं जातं. ताईने सुरुवातीची दोन वर्षं स्वतःचं नाव न देता चित्रं दाखवली. त्या काळात तिला ‘दादा, भारी काढता’ असं म्हणणारे बरेच भेटले, आणि कामाचं बोलणारेही तेव्हाच अधिक भेटले, असं ती सांगते. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

टीका घेणं ही शिकायची गोष्ट आहे आणि ती प्रश्नापासून सुरू होते. ‘कसं झालंय?’ विचारलं की ‘भारी’ येतं. ‘डावा खांदा उजव्यापेक्षा वर वाटतो का?’ विचारलं की समोरचा खांद्याकडे बघतो. चित्र संपायच्या आधी, कच्च्या रेघांत असताना विचारलं तर बदलायला मन तयार असतं. शेवटची चकाकी दिल्यावर ‘पाठ चुकली’ ऐकणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया खणायला सांगणं. आणि ऐकल्यावर लगेच उत्तर द्यायचं नाही. ‘मला तसंच दाखवायचं होतं’ हे वाक्य एक रात्र गिळून ठेवायचं. सकाळीही ते खरं वाटलं तर चित्र तसंच राहू द्यावं, तो हक्क काढणाऱ्याचाच.

त्या मुलाने लाल थर पुसला नव्हता. डोळा मिटून फाइलीत ठेवून दिला होता.

ओटी

ॲपेलीस या ग्रीक चित्रकाराची गोष्ट रोमन लेखक प्लिनीने सांगून ठेवली आहे. तो आपलं चित्र लोकांना दिसेल असं मांडून मागे लपून राही आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचं बोलणं ऐके. एका चांभाराने चित्रातल्या वहाणेची चूक काढली, ॲपेलीसने ती सुधारली. दुसऱ्या दिवशी चांभार पायाबद्दलही बोलू लागला तेव्हा ॲपेलीसने त्याला गप्प केलं: वहाणेच्या वर जाऊ नकोस. गोष्टीचं तात्पर्य लोक चांभाराच्या विरोधात काढत आले. खरं तर ती रोज पाय हाताळणाऱ्या माणसाला चित्रकाराने फार लवकर गप्प केल्याची गोष्ट आहे.

संध्याकाळी मुलाच्या घरी, ओसरीवर, सुधारलेलं चित्र आईपुढे आलं. बाई आता वाकली होती, हात बेताचा होता. आई दिवसभर रानात होती. बोंडं फुटायला लागली आहेत, पहिली वेचणी सुरू झाली आहे. तिने आजवर मुलाच्या चित्रांना ‘छान हाये’ एवढंच म्हटलेलं. या वेळी मुलाने प्रश्न बदलला होता: “आई, ही बाई कापूस वेचतीये असं वाटतं का?”

आईने फोन दूर धरला, डोळे बारीक केले. “हिची ओटी कुठंय?”

“कसली ओटी?”

“कापूस कशात टाकती ही? आन्‌ एका हातानं कोन वेचतं? दुसरा हात मोकळा सोडलाय, नुसता.” तिने बसल्या जागी दोन्ही हात चालवून दाखवले, चिमूट इकडे, चिमूट तिकडे, आणि दोन्ही मुठी पोटाशी. “ओटी भरत आली की कंबर अशी ऱ्हात नाही. खाली ओढती.”

मुलाने काही न बोलता नवा थर उघडला, लाल रंग घेतला आणि फोन तिच्यापुढे धरला. ती हसली, पदराला बोट पुसलं. काचेवर बोट टेकवताना तिचा हात जरा अडखळला. वाकडीतिकडी एक रेघ बाईच्या कमरेपासून सुरू झाली, पोटापुढे फुगली आणि गुडघ्याच्या वर येऊन थांबली.

“एवढी,” ती म्हणाली. “भरल्यावर.”